टाळेबंदी आणि शहरांची हवा

इ. स. २०२० च्या एप्रिल महिन्याच्या आरंभीं पंजाबांतील जालंदर शहराच्या रहिवाशांस एक अपूर्व देखावा दिसला. सकाळीं गच्चीवर गेलेल्या माणसांना क्षितिजावर बर्फाच्छादित शिखरांची एक लांबच लांब रांग उभी असलेली दिसली. ती हिमाचल प्रदेशांतील धौलाधार पर्वताची ओळ होती. शंभर किलोमीटरांहून अधिक दूर असलेले हे पर्वत त्या दिवशीं कोठून नव्यानें आलेले नव्हते. ते पूर्वींपासून तेथेंच होते. मधली हवा तेवढी निवळली होती. वयोवृद्धांना असा देखावा आपल्या तरुणपणीं पाहिल्याचें आठवत होतें. तरुणांनीं मात्र तो घरावरून पाहण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याच सुमारास दिल्लीच्या निळ्या आकाशाचीं चित्रें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालीं. तीं पाहून अनेकांनीं असा निष्कर्ष काढला कीं, गाड्या थांबल्या, कारखाने थांबले आणि हवा शुद्ध झाली. तेव्हां रोगही कळला आणि त्यावरील औषधही कळलें. हा निष्कर्ष निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा कां खरा नाहीं, हें नीट समजून घेणें अगत्याचें आहे. भारतांत २०१९ या एका वर्षांत दूषित हवेमुळें सुमारें १६ लक्ष ७० हजार माणसें मृत्यु पावलीं, असा आरोग्यशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या रोगाचें निदान अर्धवट राहून चालणार नाहीं.

प्रथम घडलेल्या गोष्टी क्रमानें पाहूं. करोना विषाणूच्या संसर्गामुळें चीनमधील वूहान शहर २३ जानेवारी २०२० रोजीं बंद करण्यांत आलें. ११ मार्च रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें ही जागतिक साथ असल्याचें जाहीर केलें. भारतांत २२ मार्चला एक दिवसाची जनता संचारबंदी झाली, आणि २४ मार्चच्या रात्रीं घोषणा होऊन २५ मार्चपासून सर्व देशांत २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. ती पुढें वेळोवेळीं वाढवीत मे महिन्याच्या अखेरपर्यंत चालली. प्रवासी आगगाड्या, विमानें, मोटारी, बहुतेक कारखाने आणि इमारतींचीं बांधकामें एका रात्रींत थांबलीं.

परंतु सर्वच कांहीं थांबलें नव्हतें, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. घरांतील चुली पेटतच होत्या. शेतांतील कामें चालू होतीं. धान्य, दूध व औषधें यांची वाहतूक होत होती. विजेची मागणी एप्रिल महिन्यांत आदल्या वर्षाच्या मानानें एक पंचमांशाहून अधिक घटली. तथापि कोळशावर चालणारीं वीजकेंद्रें बंद पडलीं नाहींत. एखाद्या वाड्यांतील हौदास दहा नळांनीं पाणी येत असावें आणि पाणी सदा गढूळ दिसावें. मग एके दिवशीं त्यांपैकीं सहा नळ एकदम बंद करावे, आणि पाण्यांत काय फरक पडतो तें पाहावें, तसाच हा प्रकार झाला. असा प्रयोग करण्याची अनुज्ञा कोणत्याही शास्त्रज्ञाला कोणत्याही सरकारनें दिली नसती. एका आपत्तीनें तो घडवून आणला.

आतां हौदांतील गढूळपणा कशाचा असतो, तें पाहिलें पाहिजे. शहराची हवा घाण आहे असें आपण म्हणतों, तेव्हां ती घाण एकाच जातीची आहे असा आपला समज असतो. वस्तुतः तींत निरनिराळ्या वस्तु असतात आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो. येथें तिघींचाच विचार पुरे आहे. पहिली वस्तु म्हणजे सूक्ष्म धूलिकण. ज्यांस पी. एम. २.५ म्हणतात ते हे कण. यांचा व्यास अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हां माणसाच्या एका केसाच्या जाडींत असे वीसपंचवीस कण सहज शेजारीं शेजारीं मावतील. नाकांतील केस व घशांतील ओलावा यांना ते दाद देत नाहींत. ते फुफ्फुसांच्या अगदीं तळापर्यंत जातात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तांतही उतरतात.

दुसरी वस्तु नायट्रोजन डायऑक्साइड हा वायु. मोटारीच्या यंत्रांत किंवा भट्टींत फार मोठी उष्णता निर्माण झाली म्हणजे हवेंतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. हा वायु श्वासनलिकेचा दाह करतो. तिसरी वस्तु ओझोन. पृथ्वीपासून फार उंचावर असलेला ओझोन सूर्याच्या घातक किरणांपासून आपलें रक्षण करतो. पण तोच जमिनीलगत आला म्हणजे दमेकऱ्याचा शत्रु बनतो. विशेष हें कीं, ओझोन कोणत्याही धुराड्यांतून बाहेर पडत नाहीं. तो हवेंतल्या हवेंत, सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें तयार होतो.

टाळेबंदीनें किती फरक पडला हें ठरवितांना एक अडचण येते. दिल्लींत दरवर्षीं हिवाळ्यांत थंड व जड हवा जमिनीलगत कोंडून राहते आणि धूर वर जाऊं शकत नाहीं. मार्च-एप्रिलांत ऊन तापूं लागलें म्हणजे हवा वर उचलली जाते, वारा सुटतो आणि घाण पांगते. म्हणजे टाळेबंदी नसती तरीही एप्रिलची हवा जानेवारीपेक्षां बरीच असती. मुंबईसही उन्हाळ्यांत समुद्रावरून येणारा वारा असाच उपकारक होतो. शिवाय २०२० च्या मार्च महिन्यांत उत्तर भारतांत पाऊस नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक पडला, आणि पाऊस हवा धुऊन काढतो. तेव्हां आदल्या आठवड्यांशीं तुलना केली तर सर्व श्रेय टाळेबंदीस देण्याची चूक घडते.

दिल्लीचेंच उदाहरण घ्या. टाळेबंदीच्या आधींच्या आठवड्यांशीं तुलना केली असतां तेथील सूक्ष्म धूलिकण निम्म्याहून अधिक घटलेले दिसले. परंतु आदल्या वर्षींच्या त्याच दिवसांशीं तुलना केली तेव्हां ही घट शेंकडा ३९ च्या आसपास आली. दोन्ही आंकडे खरे. पण दुसरा अधिक प्रामाणिक. शास्त्रज्ञ यापुढेंही एक पाऊल गेले. वारा, पाऊस व उष्णता यांचा परिणाम गणितानें वजा करून जें उरेल तेवढेंच टाळेबंदीच्या नांवें जमा करावें, अशी रीत त्यांनीं स्वीकारली. जमिनीवरील मापनकेंद्रांच्या आंकड्यांना आकाशांतील उपग्रहांचीही जोड मिळाली. युरोपीय अंतराळ संस्थेनें २०१७ सालीं सोडलेल्या एका उपग्रहावरील यंत्र रोज पृथ्वीवरील नायट्रोजन डायऑक्साइडचें मापन करतें. त्याच्या चित्रांत मोठमोठ्या शहरांवरील डाग फिकट झालेले स्पष्ट दिसले.

३४ देशांतील नोंदींचा असा हिशेब केल्यावर निष्पन्न झालें तें असें: नायट्रोजन डायऑक्साइडचें प्रमाण सुमारें शेंकडा ६० घटलें, सूक्ष्म धूलिकणांचें सुमारें शेंकडा ३१ घटलें, आणि ओझोन मात्र कांहीं ठिकाणीं घटला तर कांहीं ठिकाणीं वाढला. एकच टाळेबंदी, परंतु तीन वस्तूंवर तिचे तीन तऱ्हेचे परिणाम झाले. शहरागणिक हे आंकडे बदलतात. पण हा भेद पुष्कळ ठिकाणीं आढळला.

नायट्रोजन डायऑक्साइड इतका त्वरित कां उतरला, याचें कारण सोपें आहे. शहरांतील या वायूचा मोठा भाग मोटारींच्या नळ्यांतून येतो आणि त्याचें आयुष्य थोडें, कांहीं तासांचेंच असतें. आज सोडला तर आज असतो. उद्यां सोडला नाहीं तर उद्यां नसतो. म्हणून रस्ते ओस पडतांच त्याचें प्रमाण दोनचार दिवसांत खालीं आलें. मोटारींच्या धुराविषयीं कोणास शंका असेल तर तिचें निरसन या एका आंकड्यानें व्हावें.

सूक्ष्म धूलिकणांची गोष्ट निराळी आहे. त्यांतील कांहीं कण धुरांतून सरळ बाहेर पडतात, हें खरें; परंतु पुष्कळसे कण वायूंपासून हवेंतच घडतात. कोळशाच्या धुरांतील सल्फर डायऑक्साइड, वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड, आणि शेतांतील खतांतून व गुरांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया यांच्या संयोगानें बारीक क्षार तयार होतात आणि ते आठवडा-आठवडा हवेंत तरंगत राहतात. वारा त्यांना शेंकडों किलोमीटर वाहून नेतो. ज्या शहरांत एकही मोटार चालत नाहीं, तेथेंही दूरच्या वीजकेंद्राचे व परप्रांतांतील शेतांचे कण येऊन पोहोंचतात. शिवाय लाकूड, गोवऱ्या व काटक्या यांवर चालणाऱ्या कोट्यवधि चुली टाळेबंदींत थांबल्या नव्हत्या. भारतांतील २२ शहरांचा अभ्यास झाला, त्यांत सूक्ष्म धूलिकण शेंकडा ४३ घटले. परंतु सल्फर डायऑक्साइडमध्यें म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. वीजकेंद्रें चालूच होतीं, हें लक्षांत घेतां यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

याहून विलक्षण अनुभव चीनमध्यें आला. २०२० च्या फेब्रुवारींत तेथील रस्ते निर्मनुष्य असतांना बीजिंग व उत्तर चीनचा प्रदेश दाट धुरक्यानें झांकून गेला. वाहनें बंद असतां हें धुरकें आलें कोठून, असा प्रश्न सर्वांना पडला. शोध घेतल्यावर आढळलें कीं, त्या दिवसांत वारा पडलेला होता, हवेंत दमटपणा फार होता, वीजकेंद्रें व मोठे अवजड कारखाने चालूच होते, आणि ओझोन वाढल्यामुळें वायूंपासून कण बनण्याची क्रिया उलट जोरानें होत होती. नळ बंद केले तरी हौदांत आधींच जें पडलें आहे तें आपसांत मिसळून नवीन गाळ निर्माण करूं शकतें, हा धडा त्यांतून मिळाला.

आणि हा ओझोन वाढला कसा? येथें रसायनशास्त्राचा एक लहानसा पाठ आवश्यक आहे. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडलें म्हणजे त्यांतून ऑक्सिजनचा एक अणु सुटतो व तो साध्या ऑक्सिजनशीं जुळून ओझोन होतो. उलट, मोटारींच्या धुरांतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड हा ओझोनला खाऊन टाकतो. गर्दीच्या शहरांत हा खाणारा वायु इतका असतो कीं ओझोनला डोकें वर काढतां येत नाहीं. टाळेबंदींत वाहनें थांबलीं, खाणारा कमी झाला, आणि ओझोन माजला. शिवाय धूळ कमी झाल्यानें सूर्यप्रकाशही अधिक मिळाला. वर सांगितलेल्या भारतांतील २२ शहरांत ओझोन शेंकडा १७ वाढलेला आढळला. आकाश निळें दिसत होतें, पण निळ्या आकाशाखालची हवा सर्व प्रकारें निर्दोष होती असें म्हणतां येत नाहीं. ओझोन डोळ्यांना दिसत नाहीं.

याचा अर्थ वाहनें कमी करूं नयेत असा कोणी काढूं नये. अर्थ एवढाच कीं, नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर पेट्रोलच्या, रंगांच्या व द्रावकांच्या वाफाही आटोक्यांत आणल्या पाहिजेत. कारण ओझोन बनण्यास त्यांचेंही साहाय्य होतें. एकाच औषधानें भागत नाहीं, तेथें दोन औषधें एकत्र द्यावीं लागतात.

दिल्लीच्या त्या निळ्या दिवसांविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सूक्ष्म धूलिकणांसाठीं भारत सरकारनें ठरविलेली चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरास ६० मायक्रोग्रॅम आहे. टाळेबंदींत दिल्लीची हवा बहुतांशीं या मर्यादेच्या आंत आली. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं हीच मर्यादा १५ ठरविली, आणि तिच्या आंत दिल्ली त्या शांत दिवसांतही राहूं शकली नाहीं. रस्ते ओस, कारखाने बंद, विमानें जमिनीवर. इतकें करूनही हवा पुरती शुद्ध होत नाहीं. जी घाण उरली ती चुलींची, वीजकेंद्रांची, शेतांची आणि वाळवंटाकडून येणाऱ्या धुळीची होती. टाळेबंदीनें उरलेले चार नळ कोणते तें दाखवून दिलें, हीच तिची खरी शिकवण.

टाळेबंदी उठली आणि घाण परत आली. नायट्रोजन डायऑक्साइड जसा झटकन गेला होता तसाच झटकन आला. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत पंजाब व हरियाणा येथील भाताच्या खुंटांचा धूर, दिवाळीचे फटाके आणि थंडींत कोंडलेली हवा यांच्या योगानें दिल्लीची हवा पुन्हां 'गंभीर' या सर्वांत वाईट वर्गांत गेली. जें आपोआप आलें होतें तें आपोआप गेलें.

कांहीं लोक त्या दिवसांची आठवण काढून हळहळतात आणि वर्षांतून कांहीं दिवस अशीच टाळेबंदी करावी असें सुचवितात. त्यांनीं त्या निळ्या आकाशाची किंमत कोणी दिली, याचाही विचार करावा. एप्रिल ते जून २०२० या तिमाहींत देशाचें उत्पन्न आदल्या वर्षाच्या मानानें जवळजवळ चतुर्थांशानें घटलें. हातावर पोट असलेले लक्षावधि मजूर शहरें सोडून, डोक्यावर बोचकें व कडेवर मूल घेऊन, शेंकडों किलोमीटर पायीं चालत आपापल्या गांवांकडे निघाले. ८ मे २०२० च्या पहांटे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ, जालन्याहून निघालेले आणि थकून लोहमार्गावरच झोपीं गेलेले १६ मजूर मालगाडीखालीं सांपडून ठार झाले. रूळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. त्या आठवड्यांत हवा स्वच्छ होती, यांत संशय नाहीं. पण ज्या उपायांत गरिबाची भाकरी जाते त्याला उपाय म्हणतां येत नाहीं.

मग शुद्ध हवेसाठीं उद्योगधंदे बंद ठेवण्यावांचून गत्यंतर नाहीं काय? इतिहास तसें सांगत नाहीं. १९५२ च्या डिसेंबरांत लंडन शहरावर कोळशाच्या धुराचें दाट धुकें पांच दिवस बसलें, आणि त्यांत हजारों माणसें दगावलीं. चार वर्षांनीं, १९५६ सालीं, तेथें शुद्ध हवेचा कायदा झाला. घरोघरच्या शेगड्यांत धूर करणारा कोळसा जाळण्यास ठरावीक भागांत बंदी आली आणि लोकांना दुसरें इंधन घेण्यास साहाय्य मिळालें. लंडनचे व्यवहार थांबले नाहींत. धूर मात्र हळूहळू गेला. भारतांतही असें उदाहरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशामुळें दिल्लींतील सार्वजनिक बसगाड्या २००२ सालच्या अखेरपर्यंत नैसर्गिक वायूवर चालूं लागल्या. बसगाड्या बंद झाल्या नाहींत. त्यांचें इंधन बदललें.

टाळेबंदींतच घडलेली आणखी एक गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानांत राहिली आहे. १ एप्रिल २०२० रोजीं, सर्व रस्ते रिकामे असतां, भारतांत 'भारत सहा' या नांवाचे नवे इंधन-नियम लागू झाले. पेट्रोल व डिझेल यांतील गंधकाचें प्रमाण दर किलोग्रॅमला ५० मिलिग्रॅम होतें, तें १० वर आणण्यांत आलें, आणि नव्या गाड्यांच्या धुरावरही अधिक कडक बंधनें आलीं. त्या दिवशीं याचें कोणास कौतुक वाटलें नाहीं, कारण आकाश अगोदरच निळें होतें. परंतु टाळेबंदीचा गुण दोन महिन्यांत ओसरला, आणि या नियमांचा गुण मात्र प्रत्येक नव्या गाडीबरोबर वाढत जाणारा आहे.

उरलेल्या नळांसही असेच उपाय आहेत. चुलीच्या जागीं गॅस किंवा विजेची शेगडी आली आणि ती गरिबाच्या घरीं बारा महिने पेटती राहण्याची सोय झाली, तर घरांतील बाईमुलांचे डोळे व छाती प्रथम वांचेल आणि मग शहराची हवा. वीजकेंद्रांच्या धुराड्यांस गंधक अडविणारीं यंत्रें बसवितां येतात. शेतकऱ्याला भाताचे खुंट जमिनींत मिसळण्याचीं अवजारें परवडतील अशा दरांत मिळालीं, तर तो आग लावणार नाहीं. आग लावण्यांत त्याला कांहीं सुख वाटत नाहीं. बांधकामावर पाणी मारणें, रस्त्याच्या कडेला कचरा व पाला न जाळणें, हीं कामें तर प्रत्येक नगरपालिकेच्या व नागरिकाच्या हातचीं आहेत. हवेचें मापनही आतां दुर्मिळ राहिलेलें नाहीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें मुंबई, पुणें, दिल्ली यांसारख्या शहरांसाठीं हवेच्या गुणाचें अनुमान देण्याची व्यवस्था उभी केली आहे. ज्याप्रमाणें आपण पावसाचा अंदाज पाहून छत्री घेतों, त्याप्रमाणें हवेचा आंकडा पाहून तो आज कां वाढला, असें विचारण्याची संवय लोकांना लागली पाहिजे.

जालंदरच्या गच्चीवरून दिसलेले पर्वत कांहीं आठवड्यांनीं पुन्हां धुळीच्या पडद्याआड गेले. ज्या मुलांनीं ते पाहिले त्यांना एक गोष्ट कायमची कळली असेल: पडदा दगडाचा नाहीं, तो माणसांनीं विणलेला आहे आणि त्याचे धागे मोजतां येतात. माणसांचीं कामें चालू ठेवून ते एकेक करून काढणें, हें मात्र सावकाशीचें व चिकाटीचें काम आहे, आणि तें टाळेबंदीच्या दिवसांत झालेलें नाहीं. तें करावयाचें राहिलें आहे.